मालगुजाराच्या बैलाचा पट्टा

लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला गावातल्या वाटा सांगितल्या. कोणत्या वाटेनं जायचं नाही, तेवढ्याच. सुनेशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून ते दाराकडे तोंड करून बसले होते आणि बोलताना हातातलं कातडं चाचपत होते.

"कोनाच्या कोठ्याजवरून जायचं नाई, बाई. कोनाच्या ढोरापुढं गवताची काडी टाकायची नाई. अन् कोनाचं ढोर आजारी हाये असं कानावर आलं, तर त्या गल्लीतून पान्याले बी जायचं नाई."

मी सासूबाईंना विचारलं, हे काऊन म्हणून. त्या कातडं मुरवायला येनाची, म्हणजे ऐनाच्या झाडाची, साल कुटत होत्या. मुसळ न थांबवता म्हणाल्या, "ढोर मेलं का कातडं आपल्या घरी येते. मंग लोक काय म्हनत असतीन?"

माझं माहेर सालेकशाकडचं, जंगलातलं. बाप वहाणा करायचा, पण कमावलेलं कातडं बाजारातून आणायचा. मोह वेचणाऱ्या, तेंदूपान तोडणाऱ्या लोकांच्या वहाणा सांधून त्याचं आयुष्य गेलं. त्याच्यावर कोणी संशय घेतल्याचं मला आठवत नाही. सासर मात्र धानाच्या मुलखात, सौंदड टेसनापासून कोसावर. सालेकशाहून मोठ्या गाडीनं गोंदियाला, तिथून छोट्या गाडीनं सौंदडला, पुढं बैलगाडीनं. इथं मेलेल्या ढोरांचं कातडं घ्यायचा हक्क आमच्या घराचा होता. ढोर ओढून न्यायचं काम पूर्वी दुसरे लोक करत. त्यांनी ते एकजुटीनं सोडलं, आणि मी आले तेव्हा ते आमच्याच गळ्यात पडलं होतं. गावाला ढोर उचलायला माणूस हवा असायचा आणि उचलणाऱ्याकडे डोळे बारीक करून पाहायलाही गाव मोकळं असायचं.

सरकारनं मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, नुकतीच मोडली होती. तरी गावातले सगळे त्या घरच्या कर्त्या माणसाला मालकच म्हणत. त्याला शेतीपेक्षा पटाचा नाद. धान निघालं की आमच्याकडे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात, आणि त्याची पांढरी जोडी दूरदूरच्या गावी माहीत होती. त्या जोडीचा सगळा चामड्याचा साज आमच्या घरचा. सासऱ्यांच्या आज्यापासून. बैल जुवाला बांधायची जुपणं, चाबकाच्या वाद्या, गळ्यातले घुंगरांचे पट्टे. पट्टा असा हवा, की बैल धावताना मानेला काचू नये आणि घामानं कडक होऊ नये. त्यासाठी कातडं फार मऊ लागायचं, आणि तसं कातडं कमवणं हे आमच्या घरचं खास काम होतं.

घरामागं चुन्याच्या कुंड्या होत्या. कातडं चुन्यात भिजायचं, केस सुटायचे, मग सालीच्या पाण्यात मुरायचं. पाणी भरणं, साल कुटणं, कातडी उलटणं हे बायकांकडे. रापी, म्हणजे कातडं कापायचं आणि तासायचं रुंद पात्याचं हत्यार, पुरुषांकडे. पट्ट्याच्या कातड्यासाठी चुन्यात थोडा हरताळ घालत. पिवळी पूड. विषारी. तिचा डबा छपराच्या बल्लीला, आडव्या लाकडाला, टांगलेला असायचा आणि त्याला फक्त सासरे हात लावत. त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं होतं, किती चिमूट, किती पाण्यात, नंतर कातडं किती वेळा धुवायचं. ते सगळं त्यांनी माझ्या नवऱ्याला शिकवलं होतं. तो एकटाच मुलगा. त्याचा हात चांगला होता; सासरे तोंडानं कधी म्हणाले नाहीत, पण त्यानं केलेल्या कामाला ते पुन्हा हात लावत नसत.

त्या हंगामात मालकाच्या जोडीचे नवे पट्टे माझ्या नवऱ्यानं एकट्यानं केले. पहिल्यांदाच. ते न्यायला मालकाचा भाचा आला. तो मामाकडेच राहायचा आणि पटात जोडी हाकायचा. अशा माणसाला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. त्यानं पट्टा उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला.

"बुढ्यानं नाई केला हा?"

"म्या केला," नवरा म्हणाला.

"मंग पाहू," असं म्हणून तो गेला.

पट शेजारच्या गावी होता. नवरा पाहायला गेला आणि दिवस कलायच्या आत परत आला. म्हणाला, जोडी पहिल्या फेरीत सुसाट गेली. दुसऱ्या फेरीत उजव्या बाजूचा बैल रेघ ओलांडून गेल्यावर पाय मुडपून खाली बसला. तोंडातून फेस येत होता, शेण पातळ होतं. त्याला गाडीत घालून घरी आणावं लागलं. हे ऐकून सासऱ्यांनी विचारलं, "तू त्याच्या जवड गेला होतास का?"

"नाई."

"बेस केलास."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोतवाल दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "बैल मेला. मालकानं बलावलन. कातडं काढाले या म्हनते."

तो गेला. मग नवरा म्हणाला, "नोको जाऊ, बा."

"नाई गेलो तर भेला म्हनतीन. गेलो तर कातड्यासाठी टपला होता म्हनतीन." सासरे उठले, पागोटं बांधलं. "चाल."

तिथं काय झालं ते नवऱ्यानं मला त्या रात्री सांगितलं. मालकाच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. बैलावर धोतर झाकलेलं. मालक ओसरीवर बसून होता. म्हणाला, "काढ कातडं. हक्क हाये तुमचा."

सासरे म्हणाले, "मले नोको, मालक. असाच पुरा."

"काऊन? आजवर कोन्या ढोराचं कातडं सोडलास तू?"

"लेकरावानी पोसलात तुमी त्याले. मले नाई जमत."

मालक उठून उभा राहिला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "पाहा. इखानं मेला ते याले माहीत हाये. म्हनूनच हात लावून नाई राहिला."

मग भाच्यानं पुढं होऊन बैलाच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि माझ्या नवऱ्याच्या पायापाशी फेकला. "हा घातला, अन् बैल गेला. यानंच केला होता."

तो पट्टा घेऊन दोघं घरी आले. सासऱ्यांनी पाय धुतले नाहीत की पाणी मागितलं नाही. सरळ बल्लीचा डबा खाली काढला, उघडला, आणि उजेडात धरून पाहत राहिले. डब्यातली पूड कमी झाली होती. किती होती ते आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, पण त्यांना होतं.

"तू काढलास का?" त्यांनी मुलाला विचारलं.

"नाई."

"पट्ट्याचं कातडं धुतलास का नीट? एक बैल दुसऱ्याची मान चाटते, इख पोटात जाते. सारं माहीत हाये तुले."

"धुतलो. तुमी सांगितलं तसंच धुतलो."

"मंग हे कुठं गेलं?" सासऱ्यांचा आवाज चढला नव्हता. "मालकानं मांगं तुले लोकांपुढं शिव्या देल्ल्या होत्या. ढोर ओढाले उशीर केलास म्हनून. ते तू इसरला नाईस. मले खरं सांग. तू काही केलास का?"

मी चुलीपाशी उभी होते. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या शिव्यांनंतर तो दोन दिवस जेवला नव्हता, ते मलाही माहीत होतं. डोक्यात काय काय येऊन गेलं. त्यानं कोपऱ्यातला पितळेचा गंज, म्हणजे उभट पातेलं, घेतला, त्यात पाणी ओतलं आणि पट्टा त्यात बुडवून दोन्ही हातांनी चोळला, पिळला, पुन्हा चोळला. पाणी तांबडं झालं. मग त्यानं बापासमोर उभं राहून तो गंज तोंडाला लावला.

सासूबाई धावल्या. मीही. तोवर त्यानं सगळं पाणी संपवलं होतं. गंज खाली ठेवून म्हणाला, "आता पाहत बसा."

आम्ही पाहत बसलो. संध्याकाळ झाली, दिवे लागले, त्याला काही झालं नाही. सासूबाई मात्र कोपऱ्यात बसून होत्या आणि मी पाणी दिलं तरी घेत नव्हत्या. मला वाटलं, मुलाच्या काळजीनं.

सकाळी नवऱ्यानं आपली आरी, पक्कड आणि एक रापी फडक्यात बांधली. मला म्हणाला, "गोंदियाले चाललो. टेसनाजवर एक दुकान हाये जोड्यांचं. जागा झाली का तुले नेईन." बापाशी बोलला नाही. सासरे चुन्याच्या कुंडीपाशी पाठमोरे उभे होते. तेही वळले नाहीत.

त्यानंतर गाव आमच्यापासून सरकून बसलं. ज्यांच्या वहाणा दुरुस्तीला होत्या ते अर्ध्या शिवलेल्या घेऊन गेले. मी पाण्याला निघाले की गुरांच्या कोठ्यांच्या तोंडाशी म्हातारे बाज टाकून बसलेले दिसायचे, आणि मी पुढं जाईपर्यंत त्यांची मान माझ्याबरोबर वळायची. एका घरचं वासरू खोकलं तर त्याची मालकीण आमच्या घराकडे तोंड करून बोटं मोडायची. एकदा तलावाच्या पाळीवर दोन बाया बोलताना मी ऐकलं.

"सालेकशाकडची हाये ना ते. तिकडच्या बायांले जडीबुटी येते."

"तिची सासूच सांगत होती म्हने."

मी घागर न भरता परत आले. सासूबाई असं बोलल्या असतील का, हे मला ठरवता येईना. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. एकाच घरात, एकाच चुलीवर. त्या माझ्याकडे पाहायच्या नाहीत. भाकर थापता थापता थांबायच्या. सासऱ्यांनी डब्याकडे पाहिलं की उठून बाहेर जायच्या. मला त्यांच्याबद्दल वाटू नये ते वाटायला लागलं.

एकदा आम्ही दोघी अंगणात साल कुटत होतो. रस्त्यानं मालकाचा भाचा सायकलवरून गेला. त्यानं आमच्या अंगणात पाहिलं. सासूबाईंच्या हातातलं मुसळ निसटलं. त्या पदर ओढून आत गेल्या आणि दाराआड उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागं गेले.

"आत्याबाई, त्याले पाहून तुमी काऊन पळता?"

"कोन पळते?"

"तुमी. डबा कमी झाला ते तुमाले माहीत हाये. होय ना?"

त्या खाली बसल्या. पदर तोंडात कोंबला. मग हळूहळू सांगितलं. धान कापणीच्या वेळी दोन्ही पुरुष सालीसाठी जंगलात गेले होते आणि मी माहेरी होते. भाचा दुपारी आला. म्हणाला, गोदामात उंदीर फार झाले, तुमच्याकडची पिवळी दवाई द्या. मालकाच्या घरचा माणूस, नाही कसं म्हणायचं. त्यांनी बाजेवर चढून डबा काढला आणि पळसाच्या पानात बांधून दिली. जाताना तो म्हणाला, बुढ्याले सांगू नोको. त्यांनी नाही सांगितलं. मग बैल मेला.

"पोराले इचारत होते तवा मी तोंड नाई उघडलो," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मालकाचं नाव घेतलं तर घर जारतीन. अन् पोरानं पानी पेलं."

"अन् माह्याबद्दल बोलला तुमी?"

"बाया इचारत होत्या, सून कुठची म्हनून. मी एवढंच सांगितलो." त्या खरं बोलत होत्या की नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

सासरे घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. रीत बाजूला ठेवली. "मामाजी, हरताळ कुठं गेला ते कळलं," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली रापी खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते हात उचलतील. त्यांनी पागोटं बांधायला घेतलं.

"मालकाकडं जातो."

"मी बी येतो," सासूबाई म्हणाल्या. "देल्ला म्या, सांगीन म्याच."

"तू पन चाल, बाई," ते मला म्हणाले. "तुह्याबद्दल बी बोलून राहिले लोक."

आम्ही तिघं भर दुपारी मोठ्या रस्त्यानं गेलो, कोठ्यांच्या समोरून. मालक ओसरीवर होता, भाचा खांबाला टेकून उभा. सासूबाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मोठ्यानं सांगितलं, काय मागितलं, कशात बांधून दिलं.

"बुढी खोटी बोलून राहिली," भाचा म्हणाला.

"उंदरासाठी म्हनलास तू. पळसाच्या पानात बांधून देल्लो."

मालकानं भाच्याकडे पाहिलं. मग बैलांचं दाणापाणी करणाऱ्या गड्याला हाक मारली. गडी आला आणि जमिनीकडे पाहत उभा राहिला.

"बैलाले दाण्यातून दुसरं काही देत होता का हा?"

गड्यानं आधी भाच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पिवळी पूड गुळात घालून देत होते, मालक. चामडी चमकते म्हनले. दम टिकते म्हनले. पटाच्या दिवशी जास्त देल्लं."

भाचा तिथून निघून आत गेला. मालक बसून राहिला. त्याचं वय एकदम दिसायला लागलं. माफीचा एखादा शब्द येईल असं मला वाटत होतं. तो सासऱ्यांना म्हणाला, "घरात इख ठेवता कायले?"

"कातड्याले लागते, मालक. माह्या बापाच्या वक्तापासून ठेवतो."

"जा आता."

आम्ही आलो. मालकानं ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. गड्यानंही तोंड उघडलं नाही. काही दिवसांनी भाचा आपल्या गावी निघून गेला, तर लोक म्हणाले, आमच्या घरच्यांनी अंगणात जाऊन त्याच्यावर करणी केली, म्हणून तो टिकला नाही. आम्ही तिघं मालकाकडे जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

सासरे मला घेऊन गोंदियाला गेले. टेसनाजवळच्या बाजारात एका हिंदी बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात नवरा खाली बसून तळवा ठोकत होता. आम्हाला पाहून त्यानं चहा मागवला. सासरे त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"बैल कायनं मेला ते कळलं," म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

नवऱ्यानं ठोकणं थांबवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "म्हंजे म्या नाई मारला."

"नाई."

"ते मले पहिलेच माहीत होतं, बा."

सासरे चहाची कपबशी हातात धरून बसले. "घरी चाल."

"नाई. तुमी इचारलात तवाच निगालो मी." मग दुकानदारानं हिंदीत काही विचारलं आणि तो त्याच्याशी बोलायला लागला.

त्याच्याकडे अजून राहायला जागा नव्हती. मी सासऱ्यांबरोबर परत आले. कुंड्यांमध्ये कातडी होती, आणि ती उलटायला सासूबाई एकट्या पुरत नव्हत्या. हरताळाचा डबा सासऱ्यांनी रानात खोल खड्डा करून पुरला. नुसत्या चुन्यानं केस सुटायला वेळ लागायचा, पट्टे पूर्वीसारखे मऊ होत नव्हते. पटवाल्यांनी साज दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. शेतीच्या दिवसांत मात्र गावातले लोक हळूहळू परतले. एकेकटे यायचे, तुटलेलं जुपणं पुढं करायचे आणि ते सांधून होईपर्यंत समोर उभे राहायचे. वस्तू आमच्याकडे ठेवून कुणी जात नसे.

अशाच एका दुपारी सासऱ्यांनी बाहेरून मला हाक मारली. त्यांच्यासमोर लाकडी पाटावर कातड्याचा तुकडा होता. त्यांनी रापी माझ्याकडे सरकवली, मूठ माझ्या बाजूला करून.

"ओढून पाहा. जोर नोको लावू. हत्याराले चालू दे."

सासूबाई दारात होत्या. बाईनं रापीला हात लावू नये असं त्याच मला सांगायच्या. त्या मुसळ घेऊन सालीकडे वळल्या. पहिला काप वाकडा गेला. दुसराही. सासऱ्यांनी तुकडा उचलून पाहिला, वाकवला, नखानं कड चाचपली आणि दुसरा तुकडा ठेवला. त्या वर्षी त्यांनी मला कापणं शिकवलं, मग तासणं, मग वासावरून कातडं ओळखणं. माझं प्रत्येक काम ते पुन्हा तपासायचे. टाके मोजल्यासारखं बोट फिरवायचे. मुलाच्या कामाला त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी नवऱ्यानं खोली घेतली आणि मी गोंदियाला गेले. कानपूरचं तयार कातडं यायचं, आम्ही जोडे करायचो. तो शिवायचा, मी कापायची. सासरे छोट्या गाडीनं वर्षातून एखाद्या वेळी यायचे. बापलेक कामाचंच बोलायचे. टाच किती उंच, कातडं कुठून आलं, पावसात शिवण धरते का. सासूबाई बरोबर आल्या की तो त्यांच्या पाया पडायचा, पण त्यांच्या हातचं पाणी तो घ्यायच्या आधी थोडा थांबतो, असं मला दिसायचं. त्यांनाही दिसत असणार.

महाराष्ट्र झाला त्याच्या आसपास आम्ही बाजारात स्वतःची छोटी जागा घेतली. सासरे त्यानंतर फार जगले नाहीत. मोठ्या मुलीला कापायला मी शिकवलं आणि शिवायला तिच्या बापानं. ती एकदा आजोबांच्या हातची जुनी वहाण पाहून म्हणाली, तुम्हा दोघांचे हात एकाच घरचे वाटत नाहीत. आईचा काप आजोबांसारखा पडतो. नवऱ्यानं ते ऐकलं, मी कापलेला तळवा हातात घेऊन उजेडात पाहिला आणि पुन्हा न तासता तसाच शिवायला घेतला.